सायकल, थकवा आणि वाफसा



गेल्या वर्षी गळीत हंगाम संपला आणि डॉक्टरांनी आमच्या रक्तातली साखर काठावर आल्याचे सांगितले. साखर कारखान्याच्या ऊस विकास अधिकाऱ्यालाच साखरेचे दुखणे, म्हणून गटातल्या मंडळींनी चेष्टाही केली. आम्ही मुकाट्याने सायकल धरली.

रोज पहाटे डांबरी रस्त्याने २० किलोमीटर. सुरुवातीला ६५ मिनिटे लागत, दीड महिन्यात तेच अंतर ५४ मिनिटांवर आले. हुरूप वाढला. खिंडीचा चढ धरून रोज ३५ किलोमीटर सुरू केले, सुट्टी म्हणून नाही. तीन आठवड्यांत उलटेच झाले. जुन्या २० किलोमीटरला पुन्हा तासभर लागू लागला. मांड्या जड, झोप उडालेली, घरात चिडचिड. आम्हाला वाटले, हा आळस. म्हणून आणखी जोर लावला. एके दिवशी खिंडीत उतरून सायकल ढकलत होतो, तर दूधवाल्याने विचारले, "साहेब, पंक्चर काय?" होय म्हणालो. पंक्चर आमचेच झाले होते!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते, साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास. दोन तास जोराने सायकल मारली की ती बरीचशी संपते. पोटभर भाकरी-भात खाल्ला तरी कोठार पुन्हा भरायला एक दिवस लागतो. स्नायूंच्या तंतूंची बारीक झीजही होते. ती झोपेत आणि विश्रांतीत भरून निघते, आणि भरताना स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट होतो. झीज भरण्याआधीच रोज नवा ताण दिला, तर ताकद वाढायच्या ऐवजी घटते.

आपल्याला हे नवे नाही. उसाला पाणी लागतेच, पण मुळी चालते ती वाफशावर. सरीत सतत पाणी तुंबले तर ऊस पिवळा पडतो. मेहनत हे पाणी, विश्रांती हा वाफसा.

कसलेले स्वारही हा नियम पाळतात. फ्रान्समधली 'टूर द फ्रान्स' शर्यत २१ टप्प्यांची, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. तिच्या २३ दिवसांत दोन दिवस विश्रांतीचे असतात. त्या दिवशीही स्वार तास-दोन तास हळू सायकल फिरवतात, म्हणजे पाय आखडत नाहीत.

आम्ही आठ दिवस सायकल टांगून ठेवली. आता आमचा क्रम असा:

१. आठवड्यात दोनच दिवस जोराचे, तेही लागोपाठ नाहीत.
२. मधले दिवस बोलत बोलत चालवता येईल इतके हलके.
३. एक दिवस पूर्ण सुट्टी.
४. दर चौथ्या आठवड्यात अंतर निम्मे.
५. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त पडले, तर त्या दिवशी जोर नाही.

परवा तेच २० किलोमीटर ५१ मिनिटांत झाले.

दोन आठवडे विसावा घेऊनही थकवा हटला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी त्यांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी सायकल मारू नये.

आपली पोरे शर्यतीसाठी, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर घाम गाळतात. एखादा दिवस पोरगा झोपून राहिला, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. आधी विचारा, काल किती पळालास?

— ऊस विकास अधिकारी