अनोळखी मुलांसाठी विणलेली खेळणी

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरांवर चन्नपट्टण हे गाव लागते. सावंतवाडीप्रमाणेच हे गावही लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला चकचकीत रंग चढतो. आपले खेळणे कोणत्या मुलाच्या हाती जाईल, हे कारागिराला ठाऊक नसते. मूल ते तोंडात घालणार, एवढे मात्र त्याला गृहीत धरावे लागते. म्हणूनच वनस्पतिजन्य रंग आणि गोलसर कडा यांना येथे महत्त्व आहे.

क्रोशाने लहानशी खेळणी विणून ती परक्या मुलांना विनामूल्य देण्याची जी प्रथा अलीकडे अनेक देशांत रूढ झाली आहे, तिच्यातही हाच प्रश्न उद्भवतो. फरक इतकाच की, येथे विणणारी व्यक्ती बहुधा व्यावसायिक कारागीर नसते. घरातील उरलेले सूत, एक सुई आणि थोडी फुरसत एवढ्यावर हे काम होते.

अशा खेळण्यांची रचना सोपी असते. प्रथम सुताचे लहान कडे करून त्यात मुके खांब घालतात. प्रत्येक फेरीत ठराविक टाके वाढवले की चकती रुंदावते. वाढ थांबवली की ती वाटीसारखी वळते. टाके कमी करू लागले की तोंड मिटत जाते. ते पूर्ण मिटण्यापूर्वी आत कापूस भरतात. त्या जाडीच्या सुताला एरवी लागते तिच्यापेक्षा बारीक सुई वापरली, तर वीण घट्ट बसते आणि फटींतून कापूस बाहेर येत नाही. जपानमध्ये या प्रकाराला ‘अमिगुरुमी’ म्हणतात.

मऊ वस्तूने मुलाला धीर का येतो, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनीही केला आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, गोधडीचा तुकडा किंवा कापडी बाहुली ही मुलाच्या दृष्टीने आई आणि बाह्य जग यांना जोडणारी वस्तू असते. अमेरिकेत हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांत तर माकडाची पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या आकृतीला सोडून मऊ कापडाच्या आकृतीलाच अधिक काळ बिलगून राहत.

या प्रथेचे एक हृदयस्पर्शी उदाहरण कॅनडातील आहे. मार्क इस्फेल्ड हा सैनिक क्रोएशियात सुरुंग काढण्याचे काम करी. त्याच्या आईने विणलेल्या चिमुकल्या बाहुल्या तो तेथील युद्धग्रस्त मुलांना वाटत असे. १९९४ साली सुरुंगाच्या स्फोटात त्याचा मृत्यू झाला. आईने विणणे थांबवले नाही. सहकाऱ्यांनी वाटप चालू ठेवले. पुढे इतर अनेक स्त्रियाही तशा बाहुल्या विणू लागल्या आणि मार्कच्या टोपणनावावरून त्या ‘इझी बाहुल्या’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी क्रोशाचे अष्टपाद प्राणी विणण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यांचे पाय हाती आल्यावर बाळाला नाळेची आठवण होते, अशी त्यामागील कल्पना आहे. तिला पुरेसा शास्त्रीय आधार मिळालेला नाही. परंतु या उपक्रमाने घालून घेतलेले नियम मननीय आहेत. सूत निव्वळ कापसाचे असावे; खेळणे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुता यावे; आणि पाय बाळाभोवती गुंडाळले जाऊ नयेत म्हणून ताणल्यावरही त्यांची लांबी २२ सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये.

बंगळूरसारख्या शहरात तर या नियमांचे मोल विशेष आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या किडवाई कर्करोग संस्थेसारख्या रुग्णालयांत दूरदूरच्या गावांहून मुले उपचारासाठी येतात. भोवतीची भाषा त्यांना परकी असू शकते. बाहुलीला मात्र भाषेची अडचण नसते. तथापि कर्करोगावरील औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा वेळी प्रेमाने दिलेले पण अस्वच्छ खेळणे अपायकारक ठरू शकते. म्हणून ते नवे व धुतलेले असावे आणि डॉक्टरांच्या अनुमतीनेच द्यावे. डोळ्यांच्या जागी मणी किंवा गुंडी न लावता दोऱ्याने टाके घालावेत, कारण निसटलेली गुंडी लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

स्वतःच्या मुलाला दिलेले खेळणे उसवले तर आई ते दुरुस्त करते, सैल झालेली गुंडी वेळीच काढून घेते. परक्या मुलाच्या उशाशी विणणारी व्यक्ती नसते. तिने घ्यावयाची सारी काळजी तिला आधीच, प्रत्येक टाक्यात, घेऊन ठेवावी लागते.