टेबल भाड्याचे, धंदा आपला

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुढचे कित्येक महिने आमच्याकडे येणाऱ्या अशिलांचा प्रश्न एकच होता, ‘साहेब, सरकारनेच दुकान बंद केले, मग भाडे कशाचे द्यायचे?’ प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र कडू होते. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, करारात तशी सूट लिहिलेली नसेल आणि जागा भाडेकरूच्या ताब्यात असेल, तर टाळेबंदीमुळे भाडे माफ होत नाही. भरण्यासाठी थोडी मुदत मिळाली, माफी मिळाली नाही. धडा एवढाच की, करार करताना जे लिहून घेतले नाही, ते संकटात हात जोडूनही मिळत नाही.

छोटा धंदा का बुडतो? तरुणाला अक्कल नसते म्हणून बुडतो, असे प्रस्थापितांचे लाडके उत्तर आहे. आमचा वकिलीतला अनुभव वेगळा आहे. काम येत असते, मालही जात असतो, पण बिल तीन-तीन महिने अडकते आणि भाडे मात्र पाच तारखेला दारात उभे राहते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले आहे, उशीर झाल्यास व्याजही सांगितले आहे. पण पुढचे काम जाईल या भीतीने मागणारा गप्प बसतो. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी, चार वर्षांत असे तीन तडाखे बसले. ज्यांच्या बापाचे बाजारपेठेत दुकान होते ते तरले. आपल्या पहिल्या पिढीतल्या उद्योजकाजवळ ना दुकान होते, ना गहाण टाकायला सोने.

आमच्या माहितीतले दोन तरुण आहेत. दोघेही कॉमर्सचे पदवीधर, दोघांचाही हिशेब लिहिण्याचा आणि कराची विवरणपत्रे भरण्याचा व्यवसाय. पहिल्याने गाळा घेतला, सहा महिन्यांचे भाडे अनामत दिले, फर्निचर केले आणि तीन वर्षे जागा सोडता येणार नाही या अटीवर सही केली. दुसऱ्याने एका सामायिक कार्यालयात तीन टेबले घेतली. इंग्रजाळलेली मंडळी याला ‘को-वर्किंग’ म्हणतात. आम्हा वकिलांना त्यात नवल नाही. ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये एक कोपरा आणि अर्धे कपाट, एवढ्यावरच आमच्यापैकी अनेकांची वकिली उभी राहिली.

हिशेब सोपा आहे. समजा, गाळ्याचे भाडे महिना २५,००० रुपये आहे आणि सामायिक जागेतले एक टेबल ६,००० रुपयांना पडते. मंदी आली आणि आठ महिने काम घटले. गाळेवाल्याला त्या आठ महिन्यांत २ लाख रुपये भाडे द्यावेच लागते. टेबलवाला दोन टेबले सोडतो, एक ठेवतो आणि त्याला ४८,००० रुपये लागतात. जीएसटी दोन्हीकडे वेगळा धरा. उरलेले दीड लाख म्हणजेच त्याचा पुढच्या वर्षीचा धंदा. आमच्या दोघांपैकी पहिला आज दुसऱ्याच्या नोकरीत आहे, दुसऱ्याचा धंदा चालू आहे. हुशारीत उन्नीस-बीसचाही फरक नव्हता. फरक करारातल्या एका कलमाचा होता.

याला दुसरी बाजूही आहे, ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धोका नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. कार्यालय चालवणारा मूळ मालकाकडून लांब मुदतीने जागा घेतो आणि आपल्याला महिन्याच्या बोलीवर देतो. गिऱ्हाईक पळाले की तोच अडकतो. या धंद्यातली जुनी कंपनी रेगस हिच्या अमेरिकेतील शाखेला २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. वीवर्कवर अमेरिकेत २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तीच पाळी आली. म्हणून मोठी पाटी आणि काचेची दारे पाहून वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका. शिवाय धंदा स्थिरावला आणि माणसे दहा झाली की दहा टेबलांपेक्षा गाळाच स्वस्त पडतो. आणि ज्याला शिलाई मशीन, छपाईयंत्र किंवा लेथ चालवायचे आहे, त्याला टेबल काय कामाचे? त्याला गाळाच हवा, आणि औद्योगिक वसाहतीत त्याच्या वाट्याचे गाळे मागण्याची लढाई वेगळी लढावी लागेल.

कायद्याच्या चार गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, असा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्यातून जागेत हक्क निर्माण होत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. तरीही पैसे घेऊन दिलेली परवानगी तुमची चूक नसताना मध्येच काढून घेतली, तर कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. दुसरी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी आणि नोंदणीकृत करार करून देण्याची जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा ‘टेबलाला कसला करार’ या बोलण्याला भुलू नका. तिसरी, जीएसटी नोंदणीसाठी जागेचा करार किंवा संमतिपत्र आणि वीजबिल लागते, अधिकारी तपासणीला येऊ शकतो आणि नोंदणी क्रमांकाची पाटी लावावीच लागते. पाटी लावू देणार का, टपाल कोण घेणार, हे सही करण्यापूर्वी विचारा. चौथी, सोडण्याची नोटीस किती दिवसांची आणि अनामत किती दिवसांत परत, हे आकड्यांत लिहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. जागेचा प्रश्न आपल्यासाठी नुसता पैशांचा कधीच नव्हता. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पुढे मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तोही जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाल्याने बंद पडला. आज शंभर वर्षांनंतरही आमच्या त्या दुसऱ्या तरुणाला गाळा दाखवणाऱ्या मालकाने भाड्याआधी आडनाव विचारले आणि संध्याकाळी ‘जागा गेली’ असा निरोप पाठवला. सामायिक कार्यालयात त्याला फक्त आधार कार्ड आणि एका महिन्याचे पैसे मागितले. तिथे जात संपली असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण मालकाच्या ओसरीवर बसून कृपेची वाट पाहण्याची पाळी तरी टळली.

मग हे काम आपण स्वतः का करू नये? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. स्वतःची इमारत होईपर्यंत काम थांबले नाही. आज वस्तीवस्तीत विहारांची सभागृहे उभी आहेत. सकाळ-संध्याकाळची वंदना सोडली तर दिवसभर त्यांना कुलूप असते. काही ठिकाणी अभ्यासिका चालतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच सभागृहाच्या एका बाजूला सहा टेबले, वीज, इंटरनेट आणि कुलपाची कपाटे ठेवली, तर सहा घरांचे धंदे पहिली दोन वर्षे तग धरतील. विश्वस्त मंडळाने आधी ट्रस्टची उद्दिष्टे तपासावीत, हिशेब उघडा ठेवावा आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय करू नये. महिन्याच्या बोलीवर टेबल देण्यात तशी अडचण येण्याचे कारण नाही.

सामाजिक न्याय भवनांत अशी टेबले अल्प दरात द्या, ही मागणी सरकारकडेही लावून धरलीच पाहिजे. पण सरकारची वाट पाहत आपल्या पोरांचे धंदे बंद पडू देणे परवडणारे नाही. जयंतीच्या कमानीला लागणारा खर्च आम्हाला ठाऊक आहे. त्यातला थोडा भाग सहा टेबलांवर खर्च झाला, तर पुढच्या जयंतीची वर्गणी त्या टेबलांवरूनच येईल. आपल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी या रविवारी विचारून बघा.