छपरावरचा सूर्य आणि घसाऱ्याचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याला जोडलेली अनुसूची जिज्ञासूंनी एकदा वाचून पाहावी. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, शिक्षकागणिक किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, क्रीडांगण, कुंपण या साऱ्यांचा तीत उल्लेख आहे. विजेचा नाही. त्याआधी १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेचा भरही दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य यांवरच होता. ग्रामीण शाळेला वीज मिळणे ही दात्यांच्या, ग्रामपंचायतीच्या आणि मुख्याध्यापकांच्या खटपटीची बाब राहिली, ती अशी. शाळांविषयीच्या सरकारी वार्षिक माहितीनुसार आज देशातील दहांपैकी सुमारे नऊ शाळांत वीज आहे. परंतु जोडणी असणे, ती चालू असणे आणि तिचे बिल भरलेले असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको. थकबाकीपायी जोडणी तोडली गेली आणि शाळेत आलेला संगणक वर्षभर फडक्याखाली झाकून राहिला, ही कथा महाराष्ट्राला नवी नाही. (निवडणुकीत हीच शाळा मतदान केंद्र होते, तेव्हा दिव्यांची सोय कोठून तरी होते. मतदान आटोपले की तीही जाते.)

या दुखण्यावर सौर ऊर्जा हा नामी उपाय आहे, असे अलीकडे सर्वत्र म्हटले जाते. तसे म्हणण्यास आधारही आहे. शाळेची वेळ आणि सूर्याची वेळ एकच आहे. चार खोल्यांच्या शाळेत आठ दिवे, आठ पंखे, एक मोठा दूरचित्रवाणी संच व दोन-तीन संगणक धरले तरी एकूण भार साधारण एक किलोवॅट होतो. सारी उपकरणे सतत चालत नाहीत, तेव्हा दिवसाचा खप पाच युनिटांच्या घरात राहील. प्राथमिक शाळेचे किमान कामाचे दिवस २०० धरले, तर वर्षाचा खप सुमारे १,००० युनिट होतो. आपल्या हवामानात एक किलोवॅटचा सौरसंच वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास वीज देतो. त्यास शंभर चौरस फूट छप्पर पुरते. हिशेब जमला, असे येथे वाटू लागते.

प्रत्यक्षात तो जमत नाही. सर्वांत कडक ऊन एप्रिल-मे महिन्यांत पडते, तेव्हा शाळेला सुटी असते. शाळा भरते जूनमध्ये आणि आभाळही त्याच सुमारास भरते. कोकणातील वा घाटमाथ्यावरील शाळेत दिव्याची खरी गरज आषाढ-श्रावणातच असते, आणि त्याच वेळी छपरावरच्या पट्ट्या जेमतेम काम करतात. संच वीजमंडळाच्या तारेशी जोडलेला असेल, तर सुटीतील वीज जाळ्यात सोडून तिची वजावट बिलात मिळते. एका अर्थी तारांचे जाळे हीच तेव्हा शाळेची बॅटरी होते आणि ती कधी बदलावी लागत नाही.

मात्र जाळ्याशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की आपणही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तशी रचनाच असते, व ती योग्य आहे. परंतु भर दुपारी डोक्यावर सूर्य, छपरावर चकचकीत पट्ट्या आणि खाली वर्गात पंखे बंद, हे दृश्य पाहून ग्रामस्थ म्हणतात की आपल्याला फसविले. कोणी फसविलेले नसते. संच बसविताना त्यांना हे समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

जेथे वीज पुनःपुन्हा जाते वा आलेलीच नाही, अशा मेळघाटातील किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडील पाड्यांवरील शाळांना बॅटरीवाचून गत्यंतर नाही. खरा प्रश्न येथे सुरू होतो. पट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात; नेहमीची शिसे-आम्लाची बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घातले नाही, किंवा पावसाळ्यात ती वारंवार पूर्ण रिकामी होऊ दिली, तर त्याच्याही आधी. दोन बॅटऱ्यांना तीस हजार रुपये पडतात असे धरू. पाच वर्षांवर वाटले, तर वर्षाला सहा हजार. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ठरलेले वार्षिक संयुक्त अनुदान आहे दहा हजार. खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, विजेचे बिल हे सारे त्यातूनच भागवावयाचे. दहातून सहा हजार बॅटरीसाठी बाजूला ठेवणारा मुख्याध्यापक मला तरी भेटलेला नाही. त्याने तसे करावे असे म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही.

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त एका आदिवासी गावात जाणे झाले होते. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी होती, छपरावर पट्ट्या होत्या आणि व्हरांड्यात दोन निकामी बॅटऱ्या होत्या. त्यांवर फळी टाकून मुलांनी पाण्याचा पिंप ठेवला होता. शिक्षकांनी तक्रार केली नाही. नव्या बॅटरीसाठी अर्ज कोणाकडे करावयाचा, एवढेच त्यांनी विचारले. आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही घसारा शिकवितो. यंत्र झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा अंश दरवर्षी बाजूला काढावयाचा, हे कोणत्याही गिरणीच्या हिशेबनिसाला ठाऊक असते. सार्वजनिक दातृत्वाला ते ठाऊक नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. शाळांच्या छपरांवरील पुष्कळ पट्ट्या या पैशातून आल्या आहेत. त्याबद्दल कृतज्ञ राहिलेच पाहिजे. पण २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत, आरंभीचे वर्ष सोडून, फार तर तीन वर्षांची. बॅटरी मरते चौथ्या-पाचव्या वर्षी, म्हणजे दाता कायदेशीररीत्या निघून गेल्यानंतर. शाळेच्या नावे कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून बॅटऱ्या बदलाव्यात, असे एखाद्या कंपनीला वाटलेच, तर कायम निधीस दिलेली देणगी त्याच वर्षापासून या खर्चात धरली जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे साहाय्य आहे. ते घरांसाठी आहे, शाळेसाठी नाही. प्रत्येक नियमाला स्वतंत्रपणे काही कारण असेल. एकत्र पाहता त्यांचा अर्थ एवढाच होतो की, वस्तू देता येते, तिचे आयुष्य देता येत नाही.

'विजेच्या बिलातील बचतीतून भागवा,' असे सुचविले जाते. हजार युनिटांना सहा-सात रुपये दराने वर्षाची बचत सहा-सात हजार होते, आणि ती जवळजवळ सगळी बॅटरीच खाऊन टाकते. शिवाय जे बिल भरलेच जात नव्हते, त्यातील बचत कोणाच्या हाती पडणार? म्हणून दोन प्रकारची गावे वेगळी केली पाहिजेत. जेथे तार भरवशाची आहे, तेथे बॅटरीच्या फंदात पडू नये. जाळ्याशी जोडावे आणि आधी कमी वीज खाणारे पंखे बसवावेत, म्हणजे लहान संचानेही भागेल. जेथे तार नाही, तेथे बचतीची भाषाच सोडून द्यावी आणि बॅटरी हा शिक्षकाच्या पगारासारखा आवर्ती खर्च मानून जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे. तोही शाळाशाळांत वाटून नव्हे, तालुक्याच्या एकत्र निधीत. शंभर शाळांच्या बॅटऱ्या एकाच वर्षी निकामी होत नाहीत. वर्षाला सहा लाख आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्या एका तंत्रज्ञाचा पगार, एवढ्यात तालुका सांभाळता येईल.

दुरुस्ती करणारा माणूस जवळचा असणे हे पैशाइतकेच महत्त्वाचे आहे. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या संस्थेने जेमतेम अक्षरओळख असलेल्या ग्रामीण स्त्रियांना सौरदुरुस्तीचे काम शिकविले, आणि दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांच्या रात्रशाळा सौरकंदिलांवर चालविल्या. मुंबईच्या आयआयटीने गेल्या दशकात विद्यार्थ्यांसाठी सुमारे दहा लाख अभ्यासदिवे वाटले, तेव्हा ते गावकऱ्यांकडूनच जोडून घेतले, दुरुस्तीही त्यांनाच शिकविली आणि दिवा फुकट न देता अल्प किंमत घेतली. आपल्याकडील निविदेत मात्र पुरवठादार दूरच्या शहरातला असतो आणि हमीपत्र मुख्याध्यापकांच्या कपाटात.

राहिली एक अडचणीची गोष्ट. ज्या दुर्गम शाळांना बॅटरीची गरज आहे, बहुधा त्यांचाच पट विसाच्या आत आहे, आणि २०२३ मध्ये पुढे आलेल्या समूह शाळेच्या कल्पनेची टांगती तलवारही त्यांच्यावरच आहे. पंचवीस वर्षांचा संच जिच्या छपरावर चढवावयाचा, ती शाळा पाच वर्षांनी असेल की नाही, याचे उत्तर जिल्हा परिषदेने आधी लेखी द्यावे. त्यानंतर किलोवॅट मोजू.