ओखामंडळ : खारी भूमी आणि तिची पर्यटनस्थळे

सौराष्ट्र द्वीपकल्पाच्या वायव्य टोकास ओखामंडळ हा लहानसा भूप्रदेश वसलेला आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस कच्छचे आखात आणि पूर्वेस 'रण' या नावाने ओळखली जाणारी खारट दलदलीची पट्टी यांनी तो वेढलेला असल्यामुळे त्यास द्वीपकल्पाच्या टोकावरील दुसरे द्वीपकल्प म्हणणे युक्त ठरेल. प्रशासकीयदृष्ट्या हा भाग २०१३ साली जामनगरपासून वेगळ्या झालेल्या देवभूमी द्वारका जिल्ह्यात येतो. महाराष्ट्रातून दरवर्षी जाणाऱ्या यात्रेकरूंना तो द्वारका व बेट द्वारका या दोन नावांनीच परिचित असतो. तथापि येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांमागे एकच भौगोलिक वस्तुस्थिती उभी आहे. ती म्हणजे मुबलक खारे पाणी आणि दुर्मीळ गोडे पाणी.

सौराष्ट्राचा बराचसा भाग महाराष्ट्राप्रमाणेच दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. ओखामंडळात मात्र मायोसीन कालखंडातील सागरी निक्षेप, म्हणजेच चिकणमाती व चुनखडी, आढळतात. किनाऱ्यालगत शिंपल्यांनी भरलेला त्याहून अलीकडचा चुनखडक दिसतो. भूमी सपाट, पाऊस अल्प व बेभरवशाचा, बाष्पीभवन तीव्र. बारमाही नदी एकही नाही. द्वारकेची पवित्र गोमतीदेखील वस्तुतः भरती-ओहोटीची खाडीच होय. अशा प्रदेशात भूजलात क्षार उतरणे स्वाभाविक आहे.

लोकमानसाने या वस्तुस्थितीची नोंद फार पूर्वीच घेतलेली दिसते. द्वारका शहराबाहेर सुमारे दोन किलोमीटरवर रुक्मिणीचे स्वतंत्र मंदिर आहे. दुर्वास ऋषींचा रथ ओढताना रुक्मिणीला तहान लागली, श्रीकृष्णाने भूमीतून गंगाजल काढून दिले, परंतु ऋषींना न विचारता ते प्राशन केल्याने तिला पतीपासून दूर राहण्याचा व या भूमीला खारट पाण्याचा शाप मिळाला, अशी कथा तेथे सांगितली जाते. आजही या मंदिरात जलदानाला विशेष महत्त्व आहे. पुराणकथेत भूजलशास्त्र शोधण्याचा अट्टाहास करू नये हे खरे. परंतु जेथे देवीच्या दारी सोन्यानाण्यापेक्षा पाण्याचे दान श्रेष्ठ ठरते, तेथील भूगोल निराळा समजावून सांगावा लागत नाही.

हाच दोष पुढे साधनसंपत्ती ठरला. १८१७ साली हा प्रदेश बडोद्याच्या गायकवाडांकडे आला. येथील वाघेर समाजाने १८५७ नंतर जोधा माणेक व मुळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली प्रखर लढा दिला. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत ओखा बंदराचा विकास झाला. कपिलराम वकील यांनी सुरू केलेल्या मिठाच्या उद्योगातून १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली व मिठापूर हे नगर उभे राहिले. शेतीस मारक असलेले ऊन आणि कोरडी हवा मिठागरास मात्र पोषक ठरली. मिठापूर पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते. वास्तविक ओखामंडळ समजून घेण्यासाठी ते प्रथम पाहावे.

द्वारकाधीशाचे मंदिर गोमतीच्या काठी उंचवट्यावर असून स्वर्गद्वाराकडून ५६ पायऱ्या उतरल्यावर गोमती घाट लागतो. या परिसराच्या पुरातत्त्वीय अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा वाटा मोठा आहे. १९६३ सालचे तेथील उत्खनन याच संस्थेने केले. पुढे १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव यांनी समुद्रतळाचे संशोधन केले. त्यात दगडी बांधकामाचे अवशेष व जहाजांचे दगडी नांगर आढळले. या अवशेषांच्या कालनिश्चितीबाबत अभ्यासकांत एकमत नाही. 'बुडालेली द्वारका सापडली' हे ठाम विधान त्यामुळे सावधपणेच ऐकावे. येथे दीर्घकाळ गजबजलेले बंदर होते, एवढे मात्र नांगरांवरून निःसंशय म्हणता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०२५ मध्ये पाण्याखालील शोधकार्य पुन्हा हाती घेतले आहे.

वाटेवरील गोपी तलावाची पिवळसर माती म्हणजे वारकऱ्यांच्या कपाळावरील गोपीचंदन. जवळच नागेश्वराचे मंदिर आहे. नागेश ज्योतिर्लिंग हेच की हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ, हा वाद जुना असून भाविकांनी दोन्ही स्थाने मान्य केली आहेत. शिवराजपूरच्या किनाऱ्यास २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले.

ओख्यासमोरील बेट द्वारका हे शंखोद्धार या नावानेही प्रसिद्ध आहे. तेथे जाण्यास पूर्वी नावेखेरीज मार्ग नव्हता. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुमारे २.३२ किलोमीटर लांबीचा सुदर्शन सेतू खुला झाला आणि बेट रस्त्याने भूमीशी जोडले गेले. रुग्ण, विद्यार्थी व वृद्ध यात्रेकरू यांची सोय झाली हे निर्विवाद आहे. परंतु नावेची क्षमता आणि समुद्राची मर्जी यांमुळे यात्रेकरूंच्या संख्येवर आपोआप येणारी मर्यादा त्याच दिवशी संपली. वाढत्या गर्दीला लागणारे गोडे पाणी बेटावर निर्माण होत नाही, आणि तिचे सांडपाणी मात्र जवळच्या समुद्राकडेच जाण्याचा धोका असतो.

आणि तो समुद्र सामान्य नव्हे. कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा १९८० मध्ये अभयारण्य व १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित झाला. ओखामंडळातील पोशित्रा येथे प्रवाळभित्ती आहेत. प्रवाळ हा सूक्ष्म जीवांचा समूह असून गढूळ पाणी, गाळ व पायाखालचे तुडवणे यांनी तो मरतो. ओहोटीच्या वेळी या भित्ती उघड्या पडतात, आणि नेमका तोच काळ त्या पाहण्याचा असतो. तेव्हा वन विभागाची परवानगी घेऊन, माहितगार व्यक्तीसोबत, वाळूच्या मोकळ्या जागेवरूनच चालावे. त्यासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ हवामानाच्या दृष्टीने सोयीचा असला, तरी दिवस व वेळ भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच ठरवावी लागते.