तापीचा गाळ आणि शिंपल्यांची गाळणी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही; तरीही गिरणा, वाघूर, बोरी आणि पांझरा या नद्या पावसाळ्यात खानदेशची काळी माती तापीत ओततात आणि धरणे होईपर्यंत त्या मातीचा मोठा वाटा सुरतेजवळ समुद्रात जात असे. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीत दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असे चिकणमातीचे कण विपुल असतात. समान विद्युतभारामुळे हे कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात, खारे पाणी लागताच त्यांचे पुंजके होऊन तळाशी बसू लागतात, आणि खंभातच्या आखातातील जबर भरती-ओहोटी त्यांना पुन्हा ढवळून वर काढते.

कालव, तिसऱ्या यांसारख्या दोन शिंपांच्या प्राण्यांना पोट भरायचे ते अशाच पाण्यातून. त्यांचे कल्ले श्वसनाबरोबर अन्न गाळण्याचेही काम करतात: कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढले जाते, त्यातील कण अडकतात, तोंडालगतच्या पाळ्यांवर त्यांची निवड होते आणि नको असलेली माती चिकट श्लेष्म्यात गुंडाळून, पोटात न शिरताच, बाहेर टाकली जाते. ही ‘आभासी विष्ठा’ बनवण्यात प्राण्याची शक्ती खर्ची पडते. अमेरिकेत १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लिटरमागे केवळ ०.१ ग्रॅम गाळ मिसळताच कालवांचे पाणी ओढणे निम्म्याहून अधिक घटले. मात्र गाळाला सरसकट विष ठरवणे घाईचे होईल, कारण अगदी अल्प प्रमाणात तो काही शिंपल्यांच्या वाढीला पोषकही ठरलेला आहे. खरा घात होतो तो पिल्लांचा. कालवाच्या अळीला चिकटण्यासाठी स्वच्छ, टणक पृष्ठभाग लागतो आणि गाळाचा पातळ थरही तिची जागा हिरावून घेतो.

१९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणामुळे आणि त्याच्या वरच्या अंगाला भुसावळजवळ बांधलेल्या हतनूरमुळे तापीचा बराचसा गाळ आता वाटेतच अडतो. त्यामुळे समुद्रातील कालवांचा भार हलका झाला असला, तरी गाळ नाहीसा झालेला नाही, तो नदीतच मुक्कामाला राहिला आहे. गोड्या पाण्यातील शिंपल्यांची अळी काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढते, नंतर तळाच्या वाळूत उतरते आणि तिथल्या कणांमधील फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच प्राणवायू घेते. बारीक गाळाने त्या फटी बुजल्या की ती गुदमरते.