पाठलाग लिहिताना सीन हेडिंग किती द्यायची?

आजचा प्रश्न ॲक्शन लिहिणाऱ्या सगळ्यांना छळतो: पात्रं धावत सुटली की दर वळणाला नवीन सीन हेडिंग द्यायचं का?

1975 च्या 'शोले'मधली मालगाडी आठवा. डाकू रुळांलगत घोड्यांवर, जय-वीरू गाडीत. समजा, हे आपण लिहितोय. दर कटला 'इंटिरियर. डबा – दिवस', 'एक्स्टीरियर. रूळ – दिवस' असं लिहिलं तर वाचणारा अडखळतो आणि वेग मरतो.

मी कोड लिहिणारा माणूस, मला हे फोल्डर आणि फाइलसारखं वाटतं. सुरुवातीला एकदाच पूर्ण हेडिंग: 'इंटिरियर/एक्स्टीरियर. धावती मालगाडी – दिवस'. मग जागा बदलली की वेगळ्या ओळीवर फक्त 'डब्यात', 'इंजिनात', 'रुळांलगत'. खाली दोन-तीन ओळींची ॲक्शन. बस्स.

पण पात्रं गाडी सोडून गावात पोचली किंवा दिवसाची रात्र झाली, तर पूर्ण हेडिंग हवंच. सीन नंबर त्यावरच पडतात आणि शूटिंगचं शेड्यूल त्यावरूनच लागतं. ते गाळलंत तर अख्खं लोकेशन यादीतून गायब होऊ शकतं!

तुमचा एखादा पाठलाग असा लिहून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!