वर्षाची बेगमी आणि तिची राखण



खळी उरकली की घरोघर बेगमीची गडबड सुरू होते. ज्याच्या शेतात पिकतं तो पोती घरात आणतो, ज्याला शेत नाही तो बाजारातून वर्षाचं धान्य भरतो. सुगीत माल भरपूर येतो म्हणून भाव उतरलेला असतो. आषाढ-श्रावणात तोच माल महाग होतो. शिवाय ओढ्याला पाणी आलं की बाजाराची वाटच बंद! म्हणून बेगमी हवीच. पण नुसतं भरून भागत नाही, ते टिकवावं लागतं.

आधी हिशोब करू. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो ज्वारी लागते असे धरा. 365 दिवसांची झाली 547 किलो 500 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेपाच क्विंटल. त्यातली शेकडा 5 जरी किडली तरी 27 किलोंवर धान्य गेलं. तेवढ्यात घरादाराला अठरा दिवस भाकरी पुरली असती.

धान्य बिघडते ते मुख्यतः ओलीने. ओल असली की बुरशी येते आणि किडेही वाढतात. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व भोक बुजवून टाकते. म्हणून धान्य वरून चांगलं दिसतं आणि महिन्या-दीड महिन्याने एकदम टोके बाहेर पडतात. यावर पहिला उपाय म्हणजे ऊन. चैत्र-वैशाखात धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली धरला की कट्कन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ओला आहे असे समजावे. वाळलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरू नये. आत घाम सुटतो आणि पुन्हा ओल धरते. तांदळाला मात्र ऊन देऊ नये, दाणा तडकून कणी होते. तो सावलीत पसरावा.

कोठी आधी झाडून, पुसून, वाळवून घ्यावी. जुन्या पोत्याच्या शिवणीत किडे लपतात, म्हणून पोते उलटे करून उन्हात टाकावे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचावीत. नवे धान्य जुन्यात मिसळू नये आणि जुने आधी संपवावे.

कडधान्याचा भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या सालीवर पांढरी अंडी चिकटवतो. म्हणून मटकी, हुलगा, हरभरा लवकर किडतात, त्या मानाने डाळ टिकते. आपल्या आया-आज्या तुरीला तेलाचा हात लावून ठेवतात, त्यामागे शास्त्र आहे. किलोला चमचाभर तेल नीट चोळले की अंड्याला हवा मिळत नाही व ते मरते.

आता काय किती टिकते ते पाहू. नीट वाळवलेली ज्वारी, गहू, तांदूळ व डाळ वर्षभर राहतात. मीठ वर्षानुवर्षे टिकते, फक्त पाणी सुटू नये म्हणून बरणीत ठेवावे. गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून ढेप झाकून कोरड्या जागी ठेवावी. उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत चार-सहा महिने राहतो, पोत्यात कोंबला तर सडतो. अंगाचा साबण मात्र जास्त घ्यावा. कागद काढून वाळवला तर वडी कमी झिजते. काडेपेट्या पावसाळ्यात सर्दतात, त्या डब्यात घट्ट ठेवाव्यात.

काही वस्तू स्वस्त मिळाल्या तरी ढिगाने घेऊ नयेत. बाजरी दाण्यात टिकते, पण पिठात तिचे तेल हवेने खराब होते आणि आठवड्यात पीठ कडवट लागू लागते. म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. रव्याला जाळी लागते. सोललेले शेंगदाणे खवट होतात, त्यापेक्षा शेंगाच भरून ठेवाव्यात.

बुरशीला हसण्यावारी नेऊ नका. शेंगदाणे व मका यांवरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते काळजाला म्हणजे यकृताला घात करते. भाजून किंवा शिजवून ते पुरते जात नाही. 1974 साली गुजरात व राजस्थानच्या आदिवासी भागात असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा काळे-हिरवे पडलेले दाणे निवडून फेकावेत. ते जनावरालाही घालू नयेत.

दुसरी गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पोत्यात ठेवायच्या विषारी गोळ्या काहीजण घरात वापरतात. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो किड्यांना मारतो तसा त्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही मारतो. त्यावर उतारा नाही. माणसे राहतात त्या घरात या गोळ्या आणूच नयेत. त्यापेक्षा ऊन आणि घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी पुरे.

पूर्वी जमिनीत पेवे असत. सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांत हळद काही वर्षे टिकत असे, पण 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली. बंद पेवातला प्राणवायू संपतो म्हणून आत किडे जगत नाहीत. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर माणसानेही आत उतरू नये.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर कोठीतले मूठभर दाणे सुपात घेऊन पाहा. भोके दिसली, पिठूळ पडलं किंवा कुबट वास आला तर लगेच आईला सांगा. ऊन असेल तोवर उपाय आहे, एकदा मृग लागला की वाळवण अवघड होते.

— इयत्ता सातवी